कुरव आणि प्रतिजैविकरोधी जिवाणू (ठाणे खाडी)

कुरव म्हणजे आपण ज्याला सीगल म्हणतो तो पक्षी. प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) दाद न देणारे जिवाणू, विशेषतः आतड्यात राहणारा ई. कोलाय, जगभरातल्या कुरवांच्या विष्ठेत सापडले आहेत. पक्ष्याला कोणी गोळ्या दिलेल्या नसतात. हे जिवाणू माणसाच्या सांडपाण्यातून आणि कचऱ्यातून त्याच्या पोटात जातात, तेव्हा यात कुरवाला दोष देणे अन्यायाचे आहे.

ठाणे खाडीत तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव हिवाळ्यात येतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी होते. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. त्याच खाडीत दोन्ही काठांवरचे नाले सुटतात. पश्चिमेला देवनारचे डंपिंग ग्राउंडही काठालाच आहे. कुरव खाण्याच्या बाबतीत अजिबात चोखंदळ नाही. कोळ्यांनी जाळ्यातून टाकून दिलेली बारीक मासळी, नाल्याच्या तोंडाशी तरंगणारे खरकटे, लोकांनी हौसेने उधळलेली शेव आणि गाठ्या, त्याला सगळेच चालते.

औषधाला तोंड देणारी जनुके बहुधा प्लाझ्मिडवर असतात. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे छोटे, सुटे कडे. एक जिवाणू ते शेजारच्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. सांडपाण्यात आणि आतड्यात ही देवाणघेवाण सहज होते.

तपासणीसाठी ताजी विष्ठा घेऊन त्यातले जिवाणू बशीत वाढवतात आणि वर औषध भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडले तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. दाद न देणारे जिवाणू मात्र चकतीच्या कडेपर्यंत दाट वाढतात.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर कुरवांच्या पिल्लांमध्ये कार्बापेनेमला न जुमानणारे जिवाणू मिळाले. ही औषधे गंभीर संसर्गात, इतर प्रतिजैविके हरल्यावर वापरतात. अर्जेंटिनातल्या कुरवांत कोलिस्टिन या अशाच अखेरच्या उपायाच्या प्रतिजैविकाला निष्प्रभ करणारे एमसीआर-१ हे जनुक सापडले. कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले.

विष्ठा हाताला लागली तर साबणाने हात धुणे पुरेसे असते. बोटीच्या बाकावर किंवा कठड्यावर ती वाळलेली असेल तर कोरडी खरवडू नये, ओली करून पुसावी. जखमी कुरव उघड्या हातांनी उचलू नये, वनविभागाला कळवावे.