पिस्टनला जागा हवी

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बुलेटचं इंजिन समजायला वेळ लागणार नाही. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहानच घडवतो. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होते, वाढते आणि चाकावर बसते. वरून पाणी ओतलं की आक्रसते आणि लाकडाला अशी आवळते की चाक करकरतं. लोखंड तापलं की किती वाढतं, हे आमच्या खानदेशातल्या लोहारांच्या हाताला ठाऊक होतं. जुन्या इंजिनाच्या कामात हिशेब तोच, फक्त तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात करावा लागतो.

आप्पांची बुलेट सत्तरच्या दशकातली, ३५० सीसीची. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर ९० मिलिमीटर. तेवढ्या जागेचं आकारमान काढलं तर ३४६ सीसी भरतं. ती निळा धूर सोडायला लागली, तेल पिऊ लागली, म्हणून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कापून, मोठ्या मापाचा (ओव्हरसाइझ) पिस्टन टाकून घेतला. काम करणारा म्हणाला, "घट्ट बसवलाय, आवाज येणार नाही." मे महिना होता. दुपारी चोपड्याहून यावलकडे निघालो. अडावद मागे पडलं आणि इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी ओढेना, मागचं चाक एकदम रस्त्यावर घासलं. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून पडलो नाही. केळीच्या बागेतून एक जण धावत आला. "इंजन जाम हुई गये, भाऊ," म्हणाला आणि गाडी सावलीत ढकलायला हात लावला.

अर्ध्या तासाने किक पुन्हा फिरू लागली. कशामुळे?

बुलेटचा जुना सिलिंडर बिडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे आणि पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. एक अंश तापमान वाढलं की बीड आपल्या लांबीच्या दहा लाखात सुमारे ११ भाग वाढतं, पिस्टनचा मिश्रधातू सुमारे २० भाग. म्हणजे जवळजवळ दुप्पट. समजा पिस्टनचा रिंगांखालचा, म्हणजे त्याच्याभोवतीच्या कड्यांखालचा भाग १२० अंशांनी तापला आणि सिलिंडर १०० अंशांनी. ७० मिलिमीटरचा पिस्टन ०.१७ मिलिमीटरने फुगेल, सिलिंडर मात्र ०.०८ नेच. उरलेले ०.०९ मिलिमीटर कुठून आणायचे? ते थंड इंजिनात आधीच मोकळे ठेवलेले असावे लागतात. यालाच मिस्तरी 'वाव' म्हणतात. आमच्या इंजिनात तो मोजला तेव्हा ०.०५ निघाला.

वाव संपला की तेलाचा पापुद्रा फाटतो. धातू धातूला घासतो, घर्षणाने आणखी तापतो, तापला की आणखी फुगतो आणि पिस्टन अडकून बसतो. गार झाला की आक्रसतो आणि सुटतो. सावलीत तेच झालं. त्यात आपल्याकडचं ऊन. हे इंजिन सिलिंडरवरच्या धातूच्या पातळ पात्यांवरून, म्हणजे पंख्यांवरून, जाणाऱ्या हवेने गार होतं, आणि उष्णता किती जाणार ते पंखा आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पंखा १५० अंशांवर असेल तर २५ अंशांच्या हवेत तो फरक १२५ चा, ४५ अंशांच्या हवेत १०५ चा. एवढ्यावरूनच गार होणं सुमारे १६ टक्क्यांनी घटतं. हिवाळ्यात निभावला असता असा वाव मे महिन्यात निभावला नाही.

इंजिन खोललं तेव्हा पिस्टनवर गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) दोन्ही अंगांना मिळून चार उभे ओरखडे होते. ही खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे. पिस्टन दिसतो गोल, पण तो मुद्दाम किंचित लंबगोल आणि वर निमुळता घासलेला असतो, कारण डोकं जास्त तापतं आणि पिनजवळ धातू जाड असतो. म्हणून त्याचं माप वाटेल तिथे घेऊन चालत नाही. खालच्या बाजूला, पिनला काटकोनात मायक्रोमीटर लावायचा. वरच्या काठाला मोजणारा माणूस स्वतःला फसवतो आणि गाडीमालकालाही.

सिलिंडरच्या भिंतीला अॅल्युमिनियम माखलं होतं. ते पॉलिश पेपरने खरवडू नये. कॉस्टिक सोड्याचं पाणी अॅल्युमिनियमला खातं, बिडाला सोडून देतं. हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि भिंत साफ होते. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि खोली बंद नको. मग होनिंग करून, म्हणजे भिंत दगडाने बारीक घासून, वाव ०.१० वर आणला आणि पिस्टन नवा घेतला. होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा शोभेच्या नसतात, त्यांत तेल थांबतं. मात्र तिथे दगडाची कुरुंदही अडकून राहते. ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्यायचा, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवायचं आणि लगेच तेल लावायचं, नाहीतर बीड बघता बघता गंजतं.

रिंगेच्या तोंडाशीही अशीच फट लागते. ७० मिलिमीटरच्या बोअरला साधारण ०.३ मिलिमीटर. ती नसेल तर तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवलं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचं मात्र उलटं आहे. थंड इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना टॅपेटवरचा दांडा, म्हणजे पुशरॉड, बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली जराही हलू नये. बाकी सगळीकडे फट आणि इथे शून्य, हे मला या इंजिनातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं.

क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, बेअरिंग बसवताना तर लोहाराचीच आठवण आली. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, क्रँककेस भट्टीत शंभरेक अंशांवर. हातोडीचा एक घाव न घालता ते जागेवर टपकन पडलं. ठोकून बसवलेलं बेअरिंग तिरपं जातं आणि खोबण कायमची खराब करतं.

हवेचा फिल्टर आणि पेट्रोलच्या नळ्या आम्ही नव्याच घातल्या. शेतरस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते बिडापेक्षा कठीण असतात. पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं, पाणी ओढतं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ करतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. त्यामुळे कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, एक पायरी मोठा केला.

पहिले ५०० किलोमीटर पहाटेच चालवले, सूर्य डोक्यावर यायच्या आत घरी. वेग ५० च्या आत, पण सतत एकच नाही. थोडा वाढवायचा, थोडा सोडायचा, म्हणजे रिंगा भिंतीशी जुळतात. दर २० किलोमीटरला थांबून सिलिंडर गार होऊ दिला. मग तेल पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात धरलं. चंदेरी भुकटी होती, चुरा नव्हता. आप्पांनी ती चिमटीत घासून पाहिली, फडक्याला बोटं पुसली आणि नवं तेल ओतायला सांगितलं.