एल्टन जॉनला भुरळ घालणारा 'बेसूर' पियानो

ब्रिटिश पॉप गायक आणि पियानोवादक एल्टन जॉनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, देवाची देणगी हो, एकदा ऐकलं की वाजवलं. कान तयार होता हे खरंच, पण ११व्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकची स्कॉलरशिप मिळवून पुढे कित्येक शनिवार तिथे बाख आणि शोपँ घोटलेत पठ्ठ्याने, ते कुणी सांगत नाही. घरात आईने आणलेल्या एल्विसच्या रेकॉर्ड्स होत्या, पुढे लिटल रिचर्ड आणि जेरी ली लुईस हे रॉक अँड रोलवाले पियानोवादक आले आणि पियानो बडवूनही वाजवता येतो हे कळलं.

पण त्याची पहिली आवडती पियानोवादक म्हणजे विनिफ्रेड ॲटवेल. मूळची त्रिनिदादची, १९५४ मध्ये ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या नंबरला पोचलेली पहिली कृष्णवर्णीय कलाकार. ती आधी ग्रँड पियानोवर क्लासिकल वाजवायची, मग उठून हसत हसत आपल्या 'दुसऱ्या पियानो'कडे जायची. तो लंडनमधल्या बॅटरसीच्या भंगाराच्या दुकानातून आणलेला, सुरात नसलेला खटारा पियानो. आणि लोक खूश व्हायचे ते त्याच्यावरच!

असं का? पियानोत मधल्या आणि वरच्या प्रत्येक स्वराला एक नाही, तीन तारा असतात आणि हातोडी तिन्हींवर एकदम पडते. एक तार ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० वेळा, आणि शेजारची ४४३ ला कंप पावत असेल तर दोन्हींच्या लहरी सेकंदात ३ वेळा एकमेकींना साथ देतात आणि ३ वेळा एकमेकींना मारतात, म्हणून आवाज वॉव-वॉव करत लहान-मोठा होतो, याला बीट्स म्हणतात. तंबोऱ्याची जोड जुळवताना हीच लहर मंदावत मंदावत नाहीशी होते ना, तेच हे. तेवढ्याच प्रमाणात उतरलेल्या तारा एक सप्तक वर गेल्या की ८८० आणि ८८६, म्हणजे बीट्स दुप्पट, म्हणून उजव्या हाताचे वरचे स्वर जास्त झगमगतात.

आता खरी गंमत. गॅब्रिएल वाइनराइश या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवलं की तिन्ही तारा एकाच फेजमध्ये, म्हणजे एकदम वर आणि एकदम खाली, हलत असतील तर त्या घोडीला (तारा टेकतात ती पट्टी) मिळून ढकलतात, ऊर्जा पटकन साउंडबोर्डमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीत, जाते, आवाज मोठा येतो पण लवकर विझतो. तारांत किंचित फरक असला तर त्या हळूहळू विरुद्ध फेजमध्ये सरकतात, एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते, घोडी जवळपास स्थिर राहते, ऊर्जा तारांतच अडकते आणि स्वराची शेपटी लांबते. पियानो सुरात लावणारे कसलेले ट्यूनर या बारीक फरकावर ती शेपटी कमी-जास्त करतात असं त्याने मांडलं. म्हणजे चांगल्या पियानोतही थोडी गडबड हवीच असते, ॲटवेलच्या पियानोत ती खूप जास्त होती इतकंच.



ॲटवेलचं 'ब्लॅक अँड व्हाइट रॅग' ऐका, ते त्याच दुसऱ्या पियानोवरचं आहे. हेडफोन लावा आणि फक्त वरच्या स्वरांकडे लक्ष द्या, ३०-४० सेकंदांत ती थरथर पकडता येईल.