ऑनलाईन कोर्स तयार करताय? नेटवरचं मटेरियल घालायच्या आधी हे बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे क्लासवाले आमच्याकडं ऑनलाईन कोर्स तयार करून घ्यायला येतात तेव्हा पेनड्राईव्हमध्ये नेटवरनं उतरवलेली चित्रं, पीडीएफ, व्हिडिओ सगळं एकत्रच असतंय, आणि विचारलं की म्हणतात, फुकट होतं की ओ. पण फुकट बघायला मिळतंय म्हणजे आपल्या कोर्समध्ये घालायला परवानगी आहे असं होत नाही. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ फुकट उतरते, तरी सगळे हक्क मंडळाकडं आहेत असं आतच छापलेलं असतंय.

खुलं मटेरियल म्हणजे मालकानं आधीच सगळ्यांना लेखी परवानगी देऊन ठेवलेलं. बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स, म्हणजे ठरलेल्या अटींची तयार परवानगी, लावलेलं असतं, २००२ पासून हे चालू आहे. त्यातलं 'बाय' म्हणजे मूळ माणसाचं नाव द्यायचं. 'एसए' असेल तर त्यात बदल करून केलेलं तुमचं मटेरियल पण त्याच लायसन्सखाली द्यावं लागतं, विकिपीडियाच्या मजकुराला हेच आहे. 'एनसी' म्हणजे धंद्यासाठी नाही, फी घेणाऱ्या क्लासनं त्याच्यापासून लांबच राहिलेलं बरं असं आमचं मत, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं फुकट मटेरियल, ओपन कोर्सवेअर, एवढं चांगलं पण त्याला एनसी आहे.

आपल्या भागात खरी अडचण 'एनडी'ची. त्यात बदल करून वाटता येत नाही आणि भाषांतर हा पण बदलच धरतात. आपल्याकडं एकाच गल्लीत एक पोरगं मराठी मीडियमला, दुसरं कन्नड मीडियमला, धडा दोन्हीत पाहिजे असतो, मग एनडीवालं कितीही भारी असूदे, कोर्ससाठी घेऊ नका.

चित्रं विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रांच्या साईटवर शोधा, तिथं एनसी आणि एनडी घेतच नाहीत त्यामुळं आपलं काम सोपं होतंय, तरी प्रत्येक चित्राच्या पानावरचं लायसन्स वाचाच. यूट्यूबवर सर्चच्या फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येतं. आणि खाली 'सौजन्य गूगल' लिहू नका, गूगलनं ते काढलेलं नसतं. चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, मूळ लिंक, लायसन्स, आणि काही बदललं असेल तर काय बदललं, एवढं त्या चित्राखालीच लिहायचं.

आता तुमच्या नोट्सचं. कर्नाटकच्या एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मराठीतनं बसणाऱ्या पोरांना महाराष्ट्र बोर्डाचं मटेरियल जसंच्या तसं चालत नाही, आणि त्यांच्यासाठी नेटवर फार काही सापडतही नाही. तुम्ही वर्षानुवर्षं शिकवून तयार केलेल्या गणिताच्या, विज्ञानाच्या नोट्स खुल्या केल्या तर खानापूरच्या जंगलपट्टीतल्या शाळेतले सर पण त्या वापरतील. त्यानं तुमचा क्लास बंद पडत नाही, पोरं फी देतात ती तुम्ही समोर बसवून शिकवता, शंका सोडवता म्हणून. फक्त एकदा दिलेलं लायसन्स परत घेता येत नाही, म्हणून घरी नीट बोलून ठरवा, मुलांचे फोटो, नावं, मार्क काढून टाका, आणि नुसती पीडीएफ न देता वर्डची फाईल पण द्या म्हणजे दुसऱ्याला कन्नडमध्ये करता येईल.

आमच्याकडं येताना प्रत्येक चित्राची, व्हिडिओची लिंक आणि लायसन्स दिसतंय असा स्क्रीनशॉट आणा. बाकीचं आम्ही बसून बघू.