हुइचौच्या शेठजींनी एवढी खरेदीखतं कशाला जपली?

चीनमधल्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या जमिनीच्या कागदांचा विषय निघाला की हुइचौ येतंच. आताच्या आनह्वेई प्रांताचा हा दक्षिण भाग, सगळा डोंगर, पिकाऊ जमीन जेमतेम, म्हणून पोरगं तेरा-चौदा वर्षांचं झालं की बाहेरगावी कुणाच्या तरी दुकानात कामाला. मीठ, चहा, लाकूड, गहाणवट, जमेल तो धंदा केला. मिंग आणि चिंग राजवटींत यांग्चौ शहरातल्या मिठाच्या व्यापारावर यांच्यातल्या काहींनी बक्कळ पैसा केला, आणि तो गावाकडच्या जमिनीत, वाड्यात, पूर्वजांच्या देवळात घातला. शिदी आणि होंगत्सुन ही २००० साली युनेस्कोच्या यादीत गेलेली गावं याच भागातली.

जमिनीचं सरकारी दप्तर हा पैसा येण्याआधीपासून होतं. १३८७ च्या सुमारास मिंग सरकारने मोजणी करून ज्या वह्या केल्या त्यांना माशाच्या खवल्यांच्या वह्या म्हणायचे, कारण नकाशातले तुकडे खवल्यांसारखे एकाला एक लागून दिसायचे. लिहायला शिकवायच्या हजार अक्षरांच्या जुन्या पाठातलं एक अक्षर आणि पुढे आकडा, हा झाला तुकड्याचा नंबर. खरेदीखतात तोच नंबर, मग चतुःसीमा, किंमत, "पैशाची नड आहे म्हणून विकतो" असं ठरलेलं वाक्य, शेवटी मध्यस्थ आणि लिहिणारा. कर भरून सरकारी लाल शिक्का घेतला तर ते लाल खत, नाही घेतला तर पांढरं. पांढरी खतंही ढिगाने सापडतात, स्टॅम्प ड्युटी वाचवायची खोड काही फक्त आपल्याकडचीच नाही!

पण खरी मेख पुढे आहे. विकली म्हणजे जमीन सुटली असं तिथे नव्हतंच. भाव वाढला की जुना मालक वर्षांनी दारात हजर, "तेव्हा कमी दिलेत, वरचे द्या", आणि ते दिले की त्याचा वेगळा कागद. १७३० मध्ये सरकारने नियम केला की खतात कायमची विक्री असं स्पष्ट लिहिलं नसेल तर जुन्या मालकाला जमीन सोडवून घेता येईल. त्यात एकाच शेताचे दोन हक्क, हुइचौत त्यांना हाड आणि कातडं म्हणायचे. हाडवाला सारा भरणार आणि खंड घेणार, कातडंवाला कसणार, आणि दोघं आपापला हिस्सा वेगवेगळा विकू शकणार. म्हणून नवीन मालक मागच्या मालकांची खतंसुद्धा मागून घ्यायचा, भावांत वाटणी झाली की चिठ्ठ्या टाकून वाटणीपत्र, आणि हे सगळं पिढ्यान् पिढ्या एकाच पेटीत. एवढ्याशा भागातून लाखांनी कागद निघाले ते यामुळेच.

१९५० च्या जमीनसुधारणेत कम्युनिस्ट सरकारने जमिनी काढून वाटल्या आणि या पेट्यांची किंमत शून्य झाली. काही कागद जाळले, काहींचा लगदा झाला, काही चक्क फटाके वळायला गेले. १९५६ मध्ये तुनशी गावात जुन्या पुस्तकांचं दुकान निघालं आणि त्यांनी उरलेसुरले गोळा करून देशभरच्या ग्रंथालयांना, संग्रहालयांना विकले. वाचले हे खरं, पण विकताना गठ्ठे फुटले, एकाच घरातले कागद वेगवेगळ्या शहरांत गेले, त्यामुळे आज खतावर नंबर आहे, चारही दिशांचे शेजारी आहेत, पण ते कुणाच्या पेटीतून निघालं तेच बऱ्याचदा सांगता येत नाही.