गारीगारचा रंग कुठं जातो?

बेळगावातल्या शहापूरला आमच्या गल्लीत एप्रिल-मेच्या दुपारी गारीगारवाला यायचा. सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली लाकडी पेटी, आत गोणपाटात गुंडाळलेल्या कांड्या, हातात घंटी. मी नेहमी लालच घ्यायचे. पहिली दोन-तीन मिनिटं दुसरं काही सुचायचं नाही. मग चोखता चोखता रंग उतरत जायचा आणि काडीवर नुसता पांढरा, बेचव बर्फ उरायचा. आज्जी म्हणायची, "रंग तेवढा खाल्लीस, आता पाणी चावत बस." गारीगारवाला रंग वरवर लावतो आणि आत साधं पाणी भरतो, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. त्या बिचाऱ्यानं मात्र रंग आणि साखर सगळ्या पाण्यात सारखीच ढवळलेली असायची. त्यांना वेगळं काढायचं ते पाणीच, गोठताना.

पाणी गोठतं तेव्हा त्याचे रेणू ठरावीक मांडणीत बसतात. प्रत्येक रेणू शेजारच्या चौघांना धरून राहतो आणि त्यातून षटकोनी जाळी तयार होते. या जाळीत साखरेचा रेणू मावत नाही. पाण्याच्या रेणूपुढं तो फारच मोठा. रंगाचा रेणू मावत नाही, विरघळलेल्या हवेलाही जागा मिळत नाही. त्यामुळं बर्फाचा स्फटिक वाढताना फक्त पाणी घेतो आणि बाकी सगळं बाहेर ढकलतो. ढकललेली साखर उरलेल्या पाण्यात साठते. ते पाणी जितकं गोड होत जातं, तितकी त्याला गोठायला जास्त थंडी लागते.

समजा, ८५० ग्रॅम पाण्यात १५० ग्रॅम साखर विरघळवली. शून्य अंशाला हे सरबत गोठत नाही. उणे १ अंश सेल्सिअसच्या आसपास त्यात पहिले स्फटिक धरतात. तिथून पुढं बर्फ वाढत जातो, उरलेलं पाणी दाट होत जातं. घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांना पोचल्यावरसुद्धा वजनानं साधारण चौथा हिस्सा पाकच असतो, आणि तोही दोन भाग साखर, एक भाग पाणी इतका दाट! हातात दगडासारखी लागणारी कांडी म्हणजे शुद्ध बर्फाचे स्फटिक आणि त्यांच्या फटींत भरलेला पाक. तोंडाची ऊब लागली की पाक आधी सैल होतो आणि चोखला की फटींतून निघून येतो. बर्फ मागं राहतो. आज्जीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

घरी कांडी करायची तर हा पाक बर्फातून निसटू द्यायचा नाही. माझ्या मते सगळं कसब एवढ्यातच आहे.

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली आणि आम्ही दोघींनी हा उद्योग मनावर घेतला. पहिल्या दिवशी लिंबाचं सरबत स्टीलच्या पेल्यांत ओतून फ्रीझरमध्ये ठेवलं. ती दर दहा मिनिटांनी दार उघडून बघायची. शेवटी आई म्हणाली, "फ्रीज किती वेळा उघडायलीस गं? गोठायचं राहू दे, आहे ते बर्फ वितळंल." "पण आत्ती, हात लावला तर एकदम गार लागतंय, मग बर्फ का होईना?" हा तिचा प्रश्न चांगला होता. ३० अंशांचं एक ग्रॅम पाणी शून्य अंशापर्यंत गार करायला त्यातून साधारण १२६ ज्यूल उष्णता काढावी लागते. पण शून्य अंशाच्या त्याच पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला आणखी ३३४ ज्यूल काढावी लागते. शाळेत ८० कॅलरीचा अप्रकट उष्मा म्हणून पाठ केलेलं असतं ते हेच. तापमापीचा पारा हलत नाही आणि फ्रीझर मात्र राबत असतो. म्हणून मिश्रण आधी खालच्या कप्प्यात तासभर गार करून घ्यावं, एका वेळी मोजकेच पेले ठेवावेत, ते फ्रीझरच्या तळाला नीट टेकवावेत आणि दार बंद ठेवावं. प्लॅस्टिकच्या साच्यापेक्षा स्टीलचा पेला बरा, ॲल्युमिनियमचा साचा त्याहून बरा, कारण धातूतून उष्णता झटकन बाहेर जाते.

हे वेळ वाचवण्यासाठी नव्हे, चवीसाठी करायचं. हळू गोठलं की मोजकेच स्फटिक तयार होतात आणि तेच लांब सुयांसारखे वाढत जातात. त्यांच्यामधल्या फटीही रुंद असतात. एक झुरका मारला की पाक मोकळा. झटपट गोठलं तर एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक धरतात आणि त्यांच्या अरुंद फटींत पाक अडकून बसतो, कापडाच्या धाग्यांत पाणी अडकतं तसा. कारखान्यात साचे शून्याच्या बऱ्याच खाली नेलेल्या खारट पाण्यात बुडवतात. चहूबाजूंनी थंड द्रव भिडल्यामुळं कांडी काही मिनिटांत घट्ट होते. आपल्या फ्रीझरमध्ये पेल्याभोवती हवा असते, आणि हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते. तिथं चार-पाच तास सहज जातात.

आमची पहिली कांडी मी सुरीनं आडवी कापून भाचीला दाखवली. कडेला काचेसारखा स्वच्छ बर्फ, मध्यावर पांढरा धुरकट गाभा. बाहेरून आत गोठत येताना साखर आणि हवा दोन्ही मध्याकडं ढकलली जातात. सगळ्यात शेवटी गोठणाऱ्या भागात हवेचे बुडबुडे कोंडतात आणि तो पांढरा दिसतो. तिनं कडेचा तुकडा चाखला, मग मधला. मधला कितीतरी गोड होता.

दुसऱ्या दिवशी साबुदाणा आला. लिटरभर मिश्रणातलं वाटीभर पाणी बाजूला काढून त्यात दोन चमचे साबुदाण्याचं पीठ गुठळ्या न होता कालवायचं आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवायचं. कच्चं टाकून चालत नाही. ६५-७० अंशांच्या पुढं गेल्यावरच स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि पाण्याला धरून ठेवतात. हे पातळ खळीसारखं पाणी सरबतात मिसळलं की साखर आणि पाणी दोघांचीही हालचाल मंदावते. स्फटिक मोठे होत नाहीत, पाकही सहजी ओघळत नाही. दुधाच्या कांडीत कॉर्नफ्लॉवर किंवा कस्टर्ड पावडर घालतात ती याचसाठी. आईस्क्रीमच्या कारखान्यांत हे काम बऱ्याचदा गवारीच्या बियांचा डिंक करतो. आपण भाजी करतो ती गवार! आमची साबुदाण्याची कांडी शेवटच्या चोखापर्यंत लिंबासारखीच लागली.

साखर किती घालायची यावर घरोघरी वाद होतात. लिटरमागं ५० ग्रॅम घातली तर दात लागणार नाही अशी कांडी होते. ३०० ग्रॅम घातली तर निम्म्याच्या आसपास पाकच राहतो आणि काडी ओढल्यावर हातात नुसती काडी येते. १५० ते १८० ग्रॅम ठीक. मिश्रण चाखताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, कारण थंडीत जिभेचं गोडाचं भान मंदावतं. वितळलेली कांडी पिऊन पाहा, तीच साखर तेव्हा बोचते. गूळ घातला तर कांडी किंचित मऊ होते. गुळात उसाच्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. त्यांचे रेणू लहान, म्हणून तेवढ्याच वजनात संख्येनं जास्त. गोठणबिंदू किती खाली जाणार हे रेणूंच्या संख्येवर ठरतं.

फळांच्या बाबतीत आपल्या भागाला काही कमी नाही. हापूसच्या गरात पेक्टिन आणि बारीक तंतू मुळातच असतात, त्यामुळं आंब्याच्या कांडीला साबुदाणा लागतही नाही. पण माझा जीव रातांब्यावर, म्हणजे कोकमाच्या फळावर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या रानातून उन्हाळ्यात रातांबे येतात. घाट उतरून गोव्यात गेलं की त्यांनाच भिरंड म्हणतात. फोडून साखरेत मुरवले की जो गडद लाल रस सुटतो, त्याचा रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा असतो. जांभळातही याच गटातली द्रव्यं असतात. ही द्रव्यं आंबटपणावर रंग बदलतात. रसाच्या दोन थेंबांत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून बघा, लाल रंग निळसर-करडा होईल. कांडीसाठी रस आंबटच ठेवा, रंग टिकतो. आणि फार उकळू नका, उष्णतेनं तो फिका पडतो.

असा रंग घरात असताना बाजारातल्या रंगाच्या पुड्या कशाला आणायच्या, असं मला मनापासून वाटतं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीत आणि कॉटन कँडीत ऱ्होडामाइन-बी वापरायला बंदी घातली. हा कापड आणि कागद रंगवायचा गुलाबी रंग, पोटात जाण्यासाठी नव्हेच. पाण्याचंही तसंच. गोठवल्यानं जंतू मरतात ही समजूत चुकीची आहे. उणे १८ अंशांत त्यांची वाढ थांबते, पण त्यातले पुष्कळ जिवंत राहतात आणि पोटाच्या उबेत पुन्हा कामाला लागतात. पाणी उकळून, निववूनच घ्यावं.

एक दिवस वीज चांगली तीन तास गेली. कांड्या अर्ध्या वितळल्या, रात्री परत गोठल्या, आणि सकाळी तोंडात वाळू आल्यासारख्या लागल्या. वितळताना बारीक स्फटिक आधी जातात, मोठे टिकतात. परत गोठताना ते पाणी मोठ्यांवरच चढतं. अशी कांडी सुधारत नाही. फळांची असेल तर सरबत करून प्यावी. दुधाची बराच वेळ वितळून राहिली असेल तर टाकून द्यावी.

मग वीज नसताना काय करायचं? लग्नकार्यात पॉट आईस्क्रीमचं लाकडी पिंप फिरवलेलं ज्यांना आठवतं त्यांना उत्तर माहीत आहे. तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग खडे मीठ. मिठामुळं बर्फाचा गोठणबिंदू खाली येतो, म्हणून बर्फ वितळू लागतो. वितळायला अप्रकट उष्मा हवा, आणि तो बाहेरून पुरेसा मिळत नाही म्हणून बर्फ-मिठाचं मिश्रण स्वतःतूनच उष्णता काढून घेतं. तापमान घसरत जातं. योग्य प्रमाणात ते उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. लाकूड बाहेरची ऊब आत येऊ देत नाही. अकबराच्या काळी बर्फाशिवायही पाणी गार करायचे: सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत घालतात तो क्षार, विरघळवलेल्या पाण्यात सुरई फिरवत ठेवायची. सोरा विरघळताना उष्णता शोषतो, सुरईतलं पाणी निवतं. आम्ही जाड बुडाच्या पातेल्यात बर्फ-मीठ भरून, वर टॉवेल गुंडाळून, त्यात अरुंद पेले रोवले. पेल्याच्या काठापर्यंत मिश्रण भरलं नव्हतं, कारण पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. काडी सुरुवातीलाच घातली तर लाकूड हलकं असल्यानं ती तरंगून तिरकी होते. कडेनं बर्फ धरल्यावर मध्ये खोचली की सरळ उभी राहते. या कांड्या सगळ्यांत बारीक कणांच्या झाल्या. भाचीनं त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. बर्फ-मिठात उघडा हात मात्र घालू नये, कातडी भाजल्यासारखी होते.

ती परत जायच्या आदल्या दिवशी वळीव आला. मे महिन्यात बेळगावला दुपारभर उकडतं आणि चारच्या सुमाराला पश्चिमेकडून काळं भरून येतं. त्या दिवशी पत्र्यावर गारा तडतडल्या. भाचीनं अंगणातून सुपारीएवढी गार उचलून आणली आणि तशीच ओल्या सुरीनं कापली. आत एकाआड एक कडी होती, पांढरं आणि पारदर्शक. ढगात गारेवर आदळलेले थंडगार थेंब जिथं क्षणात गोठले तिथं हवा कोंडून पांढरं कडं झालं. जिथं पाणी पसरून सावकाश गोठलं तिथं हवेला निसटायला वेळ मिळाला आणि कडं स्वच्छ राहिलं. फ्रीझरमधून पहिल्या दिवशीची उरलेली लिंबाची कांडी काढून तिचा काप आम्ही गारेच्या शेजारी ताटलीत ठेवला. आई चष्मा लावून दोन्हींकडं बराच वेळ बघत होती, तोवर गार वितळून ताटलीत पाणी झालं आणि त्या पाण्याच्या तळाशी मातीचा एक बारीक कण उरला.