वास्कोचा कोळसा वेगळा, विजेचा कोळसा वेगळा

गोव्यात कोळशाचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कोणीतरी हमखास विचारतो, "कोळसा नको म्हणता, मग घरातले पंखे कशावर चालवणार?" समोरचा उत्तर देतो, "सोलर बसवू, मग कोळसा आपोआप बंद होईल." ही जुगलबंदी मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता राहवत नाही. दोघांची चूक एकच आहे. वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशावर तुमचा पंखा फिरत नाही, आणि तुमच्या छपरावरच्या सोलरने वास्कोतली धूळ चिमूटभरही कमी होत नाही.

वास्कोचा कोळसा तुम्हाला ठाऊक आहे. तो जहाजातून उतरतो, त्याचे ढीग लागतात, मग वॅगनी मडगाव, कुळे करत ब्रागांझा घाट चढतात आणि कॅसलरॉकवरून कर्नाटकात जातात. माझी मावशी बंदराशेजारच्या सडा भागात राहते. सकाळी ती बाल्कनीच्या कठड्यावरून पांढरं फडकं फिरवते, दुपारी त्याच जागेवर बोट ओढलं की पुन्हा काळी रेघ उमटते. याहून जास्त सांगायची गरज नाही.

पाय घसरतो तो पुढे. दोन्हींना आपण 'कोळसा' म्हणतो, पण कामं पूर्ण वेगळी आहेत.

वीज केंद्रातला कोळसा म्हणजे सरपण. तो पिठासारखा दळतात, हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात, तो जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइन फिरतं. त्याच्याकडून हवी असते फक्त उष्णता. तीच उष्णता तारापूरच्या अणुवीज केंद्रात युरेनियम देतं. गुजरातेत कवासला नैसर्गिक वायू जाळून टर्बाइन फिरवतात, आणि सौर पॅनेलला तर वाफेचीही गरज नाही. म्हणून हा कोळसा बदलता येतो.

वास्कोत उतरणारा बहुतांश कोळसा कोकिंग जातीचा, आणि तो मुख्यतः कच्चा माल आहे. तो हवाबंद भट्टीत हजार अंशांच्या वर तासन्‌तास तापवतात. हवा नसल्यामुळे तो जळत नाही. आधी गुळाच्या पाकासारखा मऊ होतो, फुगतो, त्यातले वायू निघून जातात आणि मग घट्ट होऊन त्याचा 'कोक' बनतो. बेळगावच्या एका फाऊंड्रीतून आणलेला कोकचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. राखाडी रंग, अंगभर छिद्रं, हातात घेतला तर आकाराच्या मानाने हलका, आणि नखाने टिचकी मारली की धातूसारखा टण्ण वाजतो. वीज केंद्रातला साधा कोळसा तसाच तापवला तर असा एकसंध तुकडा मिळत नाही, त्याचा भुगा होतो.

हा फरक झोतभट्टीत, म्हणजे खनिजापासून लोखंड काढणाऱ्या भट्टीत कळतो. तिथे लोहखनिजाचा थर, कोकचा थर, पुन्हा खनिजाचा थर अशी रास रचलेली असते आणि खालून तापलेली हवा सोडतात. खनिज म्हणजे प्राणवायूशी बांधलेलं लोखंड. तो प्राणवायू ओढून काढतो कोकमधला कार्बन. शिवाय खनिज वितळत असताना कोक वितळत नाही, वरच्या सगळ्या राशीचा भार तो पेलतो आणि हवेला वाट ठेवतो. उष्णता देणं हे त्याच्या तीन कामांपैकी फक्त एक. या पद्धतीने एक टन पोलाद करायला साधारण ७७० किलो कोकिंग कोळसा लागतो. सौर पॅनेल त्या राशीत कोकची जागा घेऊ शकत नाही. भंगार वितळवणारी विद्युत भट्टी किंवा हायड्रोजन हे त्याला पर्याय आहेत, पण ती चर्चा पोलादाची आहे, तुमच्या वीजबिलाची नाही.

चांगला कोकिंग कोळसा आपल्या देशात कमी. झरियात आहे, पण त्यात राख फार. म्हणून तो आयात होतो, मोठा भाग ऑस्ट्रेलियातून, आणि बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना मुरगाव बंदर सोयीचं पडतं. कोणी म्हणेल, अधूनमधून औष्णिक, म्हणजे वीज केंद्रात जाळायचा कोळसाही उतरतो. उतरला तरी तो गोव्याच्या दिव्यांसाठी नसतो, कारण गोव्यात कोळशावरचं वीज केंद्रच नाही. आमोण्याच्या लोखंड कारखान्यात कोक भट्ट्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर थोडी वीज बनते, दोन्ही विषय एकत्र येण्याची आपल्याकडची जागा तेवढीच.

मग आपली वीज येते कुठून? वीज खातं ती बाहेरून घेतं: छत्तीसगडमधलं कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशातलं विंध्याचल, नागपूरजवळचं मौदा, सोलापूर, तेलंगणातलं रामगुंडम. ही सगळी कोळशावरची. कोरब्याचा कोळसा शेजारच्या गेवरा, कुसमुंडा खाणींतून येतो, त्याला समुद्र दिसतही नाही. म्हणून 'गोव्यात धुराडं नाही, आपली वीज स्वच्छ' हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं. धुराडं आहे, ते कोरब्याच्या लोकांच्या डोक्यावर आहे आणि राखेचे तलावही त्यांच्याच गावाशेजारी आहेत. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब दोन क्विंटलच्या वर जातो.

म्हणून सोलर बसवाच, माझं मत स्पष्ट आहे. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि लख्ख उन्हाच्या दिवशी १२ युनिटच्या आसपास वीज मिळते. फक्त सोलर कोरब्यासाठी बसवा, वास्कोसाठी नव्हे. वास्कोसाठी मागायचं ते वेगळं: झाकलेले ढीग, कोळसा वाहून नेणारे बंदिस्त पट्टे, आच्छादलेल्या वॅगनी आणि हाताळणीवर मर्यादा.

हा गोंधळ पक्का झाला तो मोलेमचं जंगल वाचवण्याच्या आंदोलनात, २०२० साली. घाटातल्या त्या रेल्वेचं दुपदरीकरण आणि गोव्यात बाहेरची वीज आणणारी तमनार वीजवाहिनी हे दोन्ही प्रकल्प त्याच जंगलातून जाणार होते, त्यामुळे 'कोळशाचे प्रकल्प' म्हणून ते एकत्र बोलले गेले. जंगलाची तोड हा आक्षेप दोन्हींना सारखाच लागू आहे आणि तो मला मान्य आहे. कोळशाचा मात्र सारखा नाही. रेल्वेबद्दल विचारायचं ते बंदरातून किती कोळसा वर जाणार. तारेबद्दल तो प्रश्न निरर्थक आहे. आज तिच्यातून कोरब्याची वीज आली तरी उद्या राजस्थानातल्या उन्हाची वीज त्याच तारेतून येऊ शकते. तिथे विचारायचं होतं ते एवढंच, की हीच तार जुन्या वाहिन्यांच्या पट्ट्यातून का नेता येणार नाही.