घरी स्विमिंग पूल बांधण्याआधी: खर्चाचा आणि सुखाचा हिशोब

पूल बांधायचं मनात आलं की पहिला प्रश्न असतो बांधकामाला किती लागतील. तो आकडा आम्ही जागा पाहून लेखी देतो. पण बांधकामाचा खर्च एकदा होऊन जातो, पाणी मात्र रोज सांभाळावं लागतं. त्या सांभाळाचा हिशोब खड्डा खणण्याआधीच मांडावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्रक.

उदाहरणाला 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पूल घेऊ. त्यात 40,000 लिटर पाणी मावतं. हे पाणी दर महिन्याला उपसून नव्याने भरायचं नसतं. फिल्टर आणि क्लोरीन नीट चालू असेल तर तेच पाणी वर्षानुवर्षं चालतं, अधूनमधून थोडं काढून ताजं भरलं की पुरतं. खरी घट होते बाष्पीभवनाने. कडक उन्हात पातळी रोज 5 मिलिमीटर उतरली, तर दिवसाला 160 लिटर आणि महिन्याला सुमारे 4,800 लिटर पाणी उडून जातं. रात्री आणि वापर नसताना कव्हर ओढून ठेवलं तर यातलं बरंच वाचतं, ऊब टिकते आणि पालापाचोळाही कमी पडतो. म्हणून कव्हर आम्ही पहिल्या कोटेशनमध्येच धरतो.

वीज जाते ती मुख्यतः पंपाला. पूलमधलं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. एक किलोवॅट ओढणारा पंप रोज आठ तास चालला तर महिन्याला 240 युनिट होतात. वेग कमी-जास्त करता येणारा पंप महाग असतो, पण वेग निम्मा केला की विजेची ओढ साधारण एक अष्टमांशावर येते. तेवढंच पाणी फिरवायला वेळ दुप्पट लागतो, तरी एकूण वीज बरीच कमी जळते. पैसे कुठे जास्त घालावेत असं कोणी विचारलं, तर आम्ही टाइल्सच्या आधी पंपाकडे बोट दाखवतो.

आता केमिकल्स. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण पूल हिरवा पडतो तो बहुधा इथेच. क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात 1 ते 3 भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा क्षारधर्मी आहे त्याचं माप, 7.2 ते 7.8 या दोन आकड्यांवर सगळं उभं आहे. पीएच 7.5 असताना पाण्यातल्या क्लोरीनचा जवळपास निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो. पीएच 8 वर गेला की तो साधारण पाव हिस्साच उरतो. म्हणजे क्लोरीन तेवढंच टाकलं तरी काम निम्म्यावर येतं, शेवाळ धरतं, मग माणूस आणखी क्लोरीन ओततो. आधी पीएच उतरवला असता तर पैसे वाचले असते. उन्हानेही क्लोरीन झपाट्याने मरतं, त्यासाठी पाण्यात 30 ते 50 पीपीएम स्टॅबिलायझर ठेवतात. आणि पूलला उग्र वास येऊन डोळे चुरचुरले तर क्लोरीन जास्त झालं असा समज होतो. तो वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. पोहण्याआधी अंघोळ केली की तो मुळातच कमी होतो.

मिठावर चालणाऱ्या पूलबद्दल खूप विचारणा होते. त्यातही क्लोरीनच असतं, फक्त ते मिठापासून यंत्रात जागच्या जागी तयार होतं. पाणी अंगाला मऊ लागतं, डबे आणावे लागत नाहीत, पण यंत्रातला सेल, म्हणजे क्लोरीन तयार करणारा भाग, काही वर्षांनी बदलावा लागतो आणि तो स्वस्त नसतो.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: दोन प्रकारची क्लोरीनची पावडर एकत्र करू नका आणि क्लोरीनजवळ ॲसिड ठेवू नका. पहिल्याने आग लागू शकते, दुसऱ्याने विषारी वायू सुटतो. आणि पूल कधीही आपल्या मनाने पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल तर रिकामं बांधकाम खालच्या दाबाने उचललं जाऊन तडकतं.

लहान मुलं बुडतात तेव्हा आरडाओरड होत नाही, बाजूच्या खोलीतही कळत नाही. त्यामुळे चारही बाजूंनी किमान 1.2 मीटर उंच, चढता न येणारं कुंपण आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं फाटक हा बांधकामाचाच भाग आहे. घराची भिंत हे चौथं कुंपण आम्ही धरत नाही. तळाच्या ड्रेनवरची जाळी तुटली असेल तर ती बदलेपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही. कुंपणाशिवाय आम्ही पूल ताब्यात देत नाही.

एवढं करून मिळतं काय? छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. गुडघे दुखतात म्हणून फिरणं सोडलेली आजी पाण्यात आरामात चालू शकते. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं डॉक्टर सांगतात. दाराशी पूल असेल तर तो रोज वीस-पंचवीस मिनिटांत होऊन जातो. ना जायचा-यायचा वेळ, ना बॅचची वेळ. मुलं मोठ्यांच्या नजरेखाली पोहायला शिकतात आणि संध्याकाळी सगळं घर तासभर मोबाईल बाजूला ठेवून पाण्यात असतं. या सुखासाठीच आम्ही हा धंदा धरला.

मात्र घर विकताना पूलचे सगळे पैसे परत येतील या भरवशावर बांधू नका. काही खरेदीदारांना तो हवा असतो, काहींना नकोसा वाटतो. पहिल्या हंगामात सगळेच उतरतात. पुढे टिकतात ते रोज पोहण्याची आवड असलेले. घरात असं एक जरी माणूस असेल तर पूल सार्थकी लागतो.

तेव्हा आकार ठरवताना पाहुण्यांचा विचार कमी करा. 5 मीटर बाय अडीच मीटर, 1.2 मीटर खोल पूलमध्ये 15,000 लिटरच पाणी लागतं. कमरेला लवचीक पट्टा बांधून तिथल्या तिथे हवं तेवढं पोहता येतं आणि केमिकल्स, वीज, साफसफाई सगळंच आटोक्यात राहतं. गच्चीवर हवा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. 1.2 मीटर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला 1,200 किलो भरतं, आणि घराचा नेहमीचा स्लॅब साधारण 200 किलोच्या वापरासाठी धरलेला असतो.

जागा पाहायला आम्ही येऊ तेव्हा तीन गोष्टी माहीत करून ठेवा: पाणी कुठून येणार, बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुताना निघणारं, पाणी कुठे सोडता येईल आणि जागेवर ऊन किती तास असतं.